जे७२ : एका शंटिंग इंजिनाची नोंदवही

२ जून २०२४, रविवार

आज सुरुवात केली. काय ठरवलंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे मधेच मन फिरलं तर परत इथं येऊन वाचता येईल.

करायचं ते असं: इंग्लंडच्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या ई१ वर्गातल्या शंटिंग इंजिनाचं, म्हणजे यार्डात डबे तोडणाऱ्या-जोडणाऱ्या इंजिनाचं, १:३२ प्रमाणातलं मॉडेल. पितळी पत्र्याचं, ४५ मिमी गेजच्या (दोन रुळांमधल्या अंतराच्या) रुळांवर बॅटरीवर चालणारं. हाच वर्ग पुढं जे७२ म्हणून ओळखला गेला. मॉडेलच्या जोडीनं या इंजिनाचा इतिहासही स्वतःसाठी नीट लावून घ्यायचा आहे.

हेच इंजिन का, हे मला मित्रांनी आत्ताच तीनदा विचारलं. लांब पल्ल्याची नामांकित एक्स्प्रेस इंजिनं सगळेच करतात. मला यार्डातलं इंजिन करायचं होतं, कारण आमचं घर यार्डावर चाललं. माझे वडील, अण्णा, दौंडला पॉइंट्समन होते. डबे तोडणं, जोडणं, सांधा फिरवणं, झेंडी दाखवणं, यातच त्यांची सगळी नोकरी गेली. स्टेशनात गाडी वेळेवर लागली की लोक ड्रायव्हरचं नाव घेतात. ती गाडी रात्रभर यार्डात कुणी उभी केली, हे कुणी विचारत नाही.

आणि या वर्गाची एक गोष्ट मला सोडत नाही. पहिलं इंजिन बनलं १८९८ साली आणि शेवटचं १९५१ साली. मधे दोन महायुद्धं झाली, मालक तीन झाले, पण आराखडा तोच राहिला. हे कसं काय, ते मला समजून घ्यायचंय.

अण्णांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "शंटिंगला इंजिन वेगळं असतं?" त्यांच्या वेळी दौंडला मालगाडी ओढणारं डब्ल्यूजीच शंटिंगलाही लागायचं. मागं कोळशा-पाण्याचा भला मोठा टेंडर. उलटं जाताना ड्रायव्हरला मागचं काही दिसायचं नाही, सगळी भिस्त खालच्या माणसाच्या झेंडीवर आणि रात्री हातबत्तीवर. जे७२ला टेंडर नाही. पाणी बॉयलरच्या दोन्ही अंगांच्या टाक्यांत आणि कोळसा केबिनच्या पाठीशी छोट्या कप्प्यात. पुढं-मागं सारखंच चालतं, तोंड फिरवायला टर्नटेबल लागत नाही. अण्णांनी चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, "हे बरंय. याला मागचं दिसत असणार."

९ जून

आज पितळाला हात लावला नाही, दिवसभर वाचन केलं.

नॉर्थ ईस्टर्न रेल्वे १८५४ साली तीन-चार कंपन्या एकत्र येऊन झाली. १८२५ साली सुरू झालेली स्टॉकटन अँड डार्लिंग्टन रेल्वे १८६३ साली तिच्यात आली. हा सगळा कोळशाचा मुलूख. खाणीतून बंदरात, बंदरातून गिरणीत, गिरणीतून पुन्हा यार्डात असं वॅगन फिरवणं हाच इथला मुख्य धंदा. त्यामुळं शंटिंगच्या इंजिनाला इथं मान होता. त्याच्याकडं उरलंसुरलं काम म्हणून पाहिलं जात नव्हतं.

थॉमस विल्यम वर्स्डेल हे १८८५ ते १८९० या काळात तिथं इंजिनांचे मुख्य अधिकारी होते. त्यांनी १८८६ पासून ई वर्ग काढला: सहा चाकांचं, सहाही चाकं जोडलेली, छोटं टाकी इंजिन, म्हणजे टेंडर नसलेलं. १८९५ पर्यंत अशी १२० इंजिनं झाली. त्यांच्यानंतर त्याच खुर्चीवर धाकटे भाऊ विल्सन वर्स्डेल आले आणि १९१० पर्यंत राहिले. थोरल्याच्या ई वर्गात त्यांनी थोडा बदल केला आणि त्याला ई१ म्हटलं. १८९८-९९ मध्ये डार्लिंग्टनच्या कारखान्यात अशी २० बनली.

इथं शोधणाऱ्यानं जपून राहावं. दक्षिणेकडच्या लंडन-ब्रायटन रेल्वेचाही ई१ नावाचा वर्ग आहे आणि तोही सहा चाकांचंच टाकी इंजिन. तो १८७४ पासूनचा, स्ट्राउडली यांचा. माझा पहिला तास त्याचीच चित्रं चाळण्यात गेला.

पुढचं भराभर: नंतरचे मुख्य अधिकारी व्हिन्सेंट रेव्हन यांच्या काळात १९१४ मध्ये आणखी २०, १९२० मध्ये १०, आणि १९२२ मध्ये २५. ही शेवटची २५ न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थनं बांधली. तोफा आणि युद्धनौका बनवणारी ही कंपनी. पहिलं महायुद्ध संपल्यावर तिनं स्कॉट्सवूडचा कारखाना इंजिनांकडं वळवला होता. इथवर झाली ७५. १९२३ साली कंपन्यांचं एकत्रीकरण होऊन लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे आली, तिच्या यादीत ई वर्गाला जे७१ आणि ई१ला जे७२ नाव मिळालं. १९२५ मध्ये डॉनकास्टरला १० झाली. एकूण ८५.

मग चोवीस वर्षं काही नाही. आणि १९४९ ते १९५१ मध्ये, म्हणजे रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर, डार्लिंग्टनला पुन्हा २८. एकूण ११३.

१६ जून

बोहरी आळीत गेलो. पत्रा मिळाला, अर्धा मिमी आणि पाऊण मिमी, दोन्ही. चौकटीसाठी दीड मिमी पट्टी. मोटर आणि बॅटरीचा होल्डर तपकीर गल्लीतून. मुहूर्ताला म्हणून पुढचा बफर बीम, म्हणजे धक्का झेलणारे बफर ज्यावर बसतात ती आडवी पट्टी, कापून कानशीनं घासला, काटकोनात बसला.

चाकांची ऑर्डर भोसरीच्या एका टर्नर मित्राला दिली. बिडाची, सहा. व्यास चित्रावरून काढून लिहून दिला.

३० जून

चूक झाली. माझीच.

चौकट तयार होती, चाकं आली, आरशासारखी केली होती त्यानं. बसवली. रुळावर ठेवलं आणि शेजारी आधीच केलेली कोळशाची वॅगन ढकलत आणली. बफर बफरला लागेना. इंजिनाचा बफर वॅगनच्या बफरपेक्षा जवळजवळ अडीच मिमी वर. खऱ्या मापात ते ८ सेंटीमीटर होतात. रुळापासून बफरच्या मध्यापर्यंत या प्रमाणात साधारण ३३ मिमी हवेत, माझे साडेपस्तीस भरत होते.

आधी वाटलं चौकटीतली भोकं चुकली. दोनदा मोजली, बरोबर होती. मग चाकावर कॅलिपर लावला: ४४ मिमी. हवं होतं ३९. मी चौकट घेतली होती ई१च्या चित्रावरून आणि चाकाचं माप घेतलं होतं ई वर्गाच्या चित्रावरून. दोन कागद एकाच फायलीत, एकाखाली एक. थोरल्या भावाच्या इंजिनाची चाकं मी धाकट्याच्या चौकटीत घातली.

टर्नरला फोन केला. तो म्हणाला, "लेथवर पाच मिमी उतरवून देतो, पण कडा पुन्हा काढायला लागेल." दोन आठवडे.

२ जुलै

चाकांची वाट पाहताना रात्री कागदावर आकडेमोड केली, आणि चूक झाली ते बरंच झालं असं वाटायला लागलं. ई आणि ई१ मधला फरक हाच तर या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

ई वर्गाची चाकं सव्वा-पंचावन्न इंची, ई१ची सव्वा-एकोणपन्नास. ई वर्गाचे सिलिंडर १६ इंच व्यासाचे, पिस्टनची धाव २२ इंच. ई१चे १७ इंच, धाव २४. वाफेचा दाब दोघांचा चौरस इंचाला १४० पौंड. ओढ काढायचं सूत्र जुनंच आहे. व्यासाचा वर्ग घ्यायचा, त्याला धावेनं गुणायचं, मग दाबाच्या ८५ टक्क्यांनी गुणायचं आणि चाकाच्या व्यासानं भागायचं. ई वर्गाचे येतात १२,१३० पौंड. ई१चे १६,७६०. म्हणजे ओढ अडतीस टक्क्यांनी वाढली.

चाकं सहा इंचांनी लहान केल्यावर पळायचा वेग गेला. पण यार्डात पळायचंय कुणाला? तिथं दिवसभर उभं राहायचं, ओढायचं, थांबायचं, उलटं जायचं. चाक लहान म्हणजे पिस्टनच्या एका धावेत इंजिन कमी पुढं सरकतं, पण जोर जास्त मिळतो. सायकल चढावर खालच्या गिअरमध्ये घालावी तसं.

दुसरी गोष्ट वजनाची. इंजिन साडेअडतीस टनांच्या किंचित वर. सगळं वजन जोडलेल्या सहा चाकांवर. पुढं-मागं आधाराला वेगळी चाकं नाहीत, त्यामुळं एक किलोही वाया जात नाही. पौंडांत धरलं तर वजन ओढीच्या पाचपटीहून थोडं जास्त. पावसात, तेलकट रुळावर, उभ्या जागी तीस वॅगनी हलवताना चाक जागच्या जागी फिरू नये, यासाठी एवढी शिल्लक लागते. सिलिंडर आणखी मोठे केले असते तर कागदावर ओढ वाढली असती आणि रुळावर चाकं घसरली असती. विल्सन वर्स्डेल बरोबर जागी थांबले. माझ्या मते या इंजिनाच्या दीर्घायुष्याचं अर्धं उत्तर या एका हिशेबात आहे.

१४ जुलै

दुरुस्त चाकं आली. ३९ मिमी. वॅगनचा बफर आणि इंजिनाचा बफर समोरासमोर. मधे पोस्टकार्ड धरून पाहिलं, दोन्हींचा ठसा एकावर एक पडला.

भाची न्यूकॅसलला शिकते. तिला म्हटलं होतं, स्टेशनच्या पूर्वेच्या टोकाचा व्हिडिओ काढ. ती तिथल्या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर चढली. रेल्वेलाइन त्या किल्ल्याच्या आवारातूनच जाते, बुरुज एका बाजूला आणि 'ब्लॅक गेट' नावाची वेस दुसऱ्या बाजूला. "मामा, इथं तर आता दोन-चारच लाइनी दिसतायत," म्हणाली. तिला सांगितलं, याच जागी एकेकाळी डायमंड क्रॉसिंगचं असं जाळं होतं की त्याची पोस्टकार्डं विकायची. आपल्याकडं नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगचं कौतुक आहे, तिथं चार दिशांचे रूळ एकमेकांना छेदतात. न्यूकॅसलला वळणावर अशी कितीतरी छेदनं एकाला एक लागून होती, आणि पलीकडं १८४९चा हाय लेव्हल पूल.

त्या जाळ्यावरून जे७२ दिवसभर ये-जा करायचं. त्याचं तिथलं काम वेगळं होतं, त्याला स्टेशन पायलट म्हणतात. आलेल्या गाडीचे रिकामे डबे काढून नेणं, निघणाऱ्या गाडीला जादा डबा लावणं, टपालाचा डबा एका फलाटावरून दुसऱ्यावर नेणं. प्रवाशांच्या डोळ्यांसमोरचं काम. म्हणूनच १९६० मध्ये या वर्गाची दोन इंजिनं, ६८७२३ आणि ६८७३६, न्यूकॅसल आणि यॉर्कच्या स्टेशनांसाठी जुन्या नॉर्थ ईस्टर्नच्या हिरव्या रंगात रंगवली. टाकीवर जुन्या कंपनीचं चिन्ह आणि नव्या ब्रिटिश रेल्वेचं चिन्ह शेजारी शेजारी. बाकीची बहुतेक शंटिंग इंजिनं काजळीसारखी काळी, आणि ही दोन पोपटासारखी. मला हे फार आवडलं. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या कंपनीचा रंग कुणीतरी लक्षात ठेवून छोट्या इंजिनांना दिला.

२८ जुलै

पाण्याच्या टाक्या आणि केबिन झाळून झाली. रिव्हेट काढायचं काम किचकट. पत्र्याच्या मागून सुई ठोकून पुढं टिकलीएवढे फुगवटे आणायचे. एका टाकीला दोनशेच्या वर झाले. सत्तर झाल्यावर एक ओळ तिरकी गेली म्हणून पत्रा टाकून दिला आणि नवा घेतला.

प्रायमर मारला आणि सकाळी पाहतो तर त्यावर दुधासारखी साय. पावसाळी हवेतली ओल रंगात बसली. पुसून काढला. रंगाचं काम आता ऑक्टोबरच्या उन्हात.

तोवर कोणतं इंजिन करायचं ते ठरवायला वेळ आहे. हिरवं ६८७२३ की काळं?

४ ऑगस्ट

१९४९चं कोडं.

चित्र डोळ्यांपुढं आणून पाहिलं. डार्लिंग्टनचा कारखाना, १९४९ साल. एका बाजूला पेपरकॉर्न या अभियंत्यांची ए१ वर्गातली भव्य एक्स्प्रेस इंजिनं बनतायत. त्या वर्गाची ४९ होती, त्यातली २३ डार्लिंग्टनची. आणि त्याच कारखान्यात त्याच वर्षी १८९८च्या आराखड्याचं जे७२. सिलिंडर १७ बाय २४, दाब १४०, चाकं सव्वा-एकोणपन्नास इंची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इंजिन दुसरं महायुद्ध संपल्यावर चार वर्षांनी नवं कोरं बाहेर पडतंय.

दुसरे पर्याय नव्हते असं नाही. युद्धासाठी बांधलेली ७५ टाकी इंजिनं लंडन अँड नॉर्थ ईस्टर्ननं १९४६ मध्ये विकत घेतली होती आणि त्यांना जे९४ म्हटलं. ती दणकट होती, पण सव्वा-अठ्ठेचाळीस टनांची. जे७२पेक्षा दहा टन जड. बंदरातला जुना धक्का, गिरणीच्या आवारातली तीव्र वळणं, लाकडी खांबांवरचे कोळशाचे धक्के, असल्या ठिकाणी दहा टन फार मोठी गोष्ट. शिवाय जे७२चे साचे होते, सुटे भाग होते, दुरुस्ती येणारे फिटर तीन पिढ्यांचे होते. नवा आराखडा करायचा तर ड्रॉइंग ऑफिसपासून सुरुवात, आणि एवढं करून कामाला येणार काय? तेच ओढणं, तेच थांबणं.

यार्डाचं काम पन्नास वर्षांत बदललंच नव्हतं, हे मला उरलेलं अर्धं उत्तर वाटतं. एक्स्प्रेसचे डबे जड झाले, वेग वाढले, म्हणून एक्स्प्रेसची इंजिनं दर दहा वर्षांनी बदलली. वॅगन मात्र तीच, तिला जोडणारी तीन कड्यांची साखळी तीच, आणि ती जोडायला खाली काठी घेऊन उभा असलेला माणूसही तोच.

१८ ऑगस्ट

मात्र आकडे पाहिले की वाईटही वाटतं. वर्गाची मोडतोड १९५८ पासून सुरू झाली आणि १९६४ पर्यंत सगळं संपलं. म्हणजे १८९८-९९ची इंजिनं साठीच्या आसपास जगली आणि १९५१ची जेमतेम तेरा वर्षं. आजोबा आणि नातू एकाच वेळी भंगारात गेले.

त्यांच्या जागी डिझेल आलं. पुढं ०८ वर्ग म्हणून ओळखली गेलेली डिझेल शंटिंग इंजिनं ब्रिटिश रेल्वेनं दहा वर्षांत ९९६ बांधली, त्यातली कितीतरी याच डार्लिंग्टनला. डिझेल सकाळी बटण दाबलं की सुरू होतं. वाफेच्या इंजिनाला काही तास आधी आग घालावी लागते आणि काम नसलं तरी कोळसा जळतोच. शंटिंगमध्ये तर निम्मा वेळ उभंच राहायचं असतं. हिशेब डिझेलच्या बाजूनं होता, यात मला शंका नाही. पण १९५१ मध्ये तो हिशेब दिसत असताना नवी जे७२ का बांधली, याबद्दल लोक बांधणाऱ्यांना मूर्ख ठरवतात ते मला पटत नाही. यार्डाला इंजिन त्या वर्षी हवं होतं आणि डिझेल अजून पुरेसं तयार नव्हतं.

११३ पैकी एकच उरलं. ६९०२३, डार्लिंग्टन, १९५१. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्याला रेल्वेच्या खात्यांतर्गत कामाला घेतलं आणि ५९ नंबर दिला. हिवाळ्यात वाफेनं बर्फ वितळवायचं काम. ओढायचं काम गेलं, पण बॉयलर होता म्हणून वाचलं. पुढं एका हौशी माणसानं विकत घेतलं आणि आई-वडिलांच्या नावांतली अक्षरं जोडून त्याला 'जोएम' नाव दिलं. आता ते नॉर्थ ईस्टर्न लोकोमोटिव्ह प्रिझर्व्हेशन ग्रुपकडं आहे.

ठरलं. मॉडेल ६९०२३चं. आणि काळं. हिरवं देखणं आहे, पण मला यार्डातलं करायचंय.

१५ सप्टेंबर

गणपतीत काम थोडं मागं पडलं. मोटर बसवली, गिअर ४०:१. चालताना एका बाजूला टकटक, क्रँकपिनचं (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या खिळीचं) भोक पाव मिमी मोठं करून गेली. टाक्यांच्या आत शिशाचे तुकडे भरले, सहाही चाकांवर वजन सारखं येईल असे. दोन वॅगनींवर घसरत होतं, आता अकरा ओढतंय.

१३ ऑक्टोबर

ऊन पडलं. तीन दिवस गच्चीवर रंग. काळा, पण तुकतुकीत नाही, कोळशाच्या गोणीसारखा. नंबर हातानं लिहिला, सगळ्यात बारीक कुंचल्यानं. ६९०२३. २चा शेपूट दोनदा पुसला.

२० ऑक्टोबर

अण्णांना दाखवायला दौंडला नेलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठ फूट रूळ मांडले, आईनं डबे हलवून जागा करून दिली.

अण्णा चष्मा लावून वाकले. रंगाबद्दल काही बोलले नाहीत, रिव्हेटकडंही पाहिलं नाही. इंजिनाच्या आणि वॅगनच्या मधे बोट घातलं. "कपलिंग कुठंय?"

मी लोहचुंबक लावलं होतं. ते दिसू नये म्हणून बफर बीमच्या मागं लपवलं होतं, आपोआप जोडतं. सांगितलं तर त्यांनी मान हलवली. "आपोआप जोडलं तर मग माणसाचं काम काय राहिलं?"

मग त्यांनी सांगितलं, आमच्या वेळी स्क्रू कपलिंग, दोन बफरच्या मधे वाकून शिरायचं, डब्याची हूक एका हातानं उचलायची आणि पाठ कधीही बफरकडं करायची नाही. त्यांना म्हटलं, तिकडं वॅगनीला तीन कड्यांची साखळी असायची, आणि शंटरकडं टोकाला आकडा लावलेली लांब काठी. बाहेर उभं राहूनच साखळी उचलून हुकात टाकायची, मधे शिरायचंच नाही. अण्णा बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या एका सोबत्याचा हात मनमाडला बफरमध्ये गेला होता, ते मला लहानपणापासून माहीत आहे.

दुपारी त्यांनी आईच्या विणकामाच्या डब्यातून बारीक तार काढली. तिच्या एका टोकाला पक्कडीनं आकडा केला. मी पिशवीतल्या पितळी तारेच्या तीन कड्या करून वॅगनला लावल्या आणि चुंबक काढून टाकलं. पहिल्यांदा तार घसरली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांनी डावा हात टेबलाच्या कडेला टेकवला, इंजिन दोन मिमी मागं घ्यायला सांगितलं, "जरा... बास," आणि कडी हुकात पडली.

"चल," म्हणाले, आणि हिरवी झेंडी नाही म्हणून हात वर केला.